कृत्तिका कुठे मावळतात

२०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या बोलण्यात एकच आजार होता. वर्तमानपत्रं 'गुलेन बारी सिंड्रोम' असं लिहीत होती, माणसं 'जीबीएस' म्हणत होती. २० तारखेच्या पुढे-मागे पहिल्या बातम्या आल्या आणि आठवड्याभरात रुग्णांचा आकडा शंभरापलीकडे गेला. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी ही बातमीतली नावं म्हणजे आमचा भाजीचा, दवाखान्याचा, रविवारी फिरायला जायचा रस्ता. आजवर टीव्हीवर दुसऱ्यांच्या गावांची नावं ऐकत आलेल्या माणसाला आपल्या बसथांब्याचं नाव निवेदकाच्या तोंडून ऐकताना कसं होतं, ते त्या आठवड्यात कळलं.

पायांना मुंग्या येणं, मग पायांतली ताकद जाणं, ही या आजाराची सुरुवातीची लक्षणं. माझ्या आईला मधुमेह आहे आणि तिच्या पायांना गेली कित्येक वर्षं मुंग्या येतातच. ती रोज संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसून दोन्ही तळवे फरशीला टेकवायची, मग टाचा उचलायची, मग चवडे. बोलायची काही नाही. एकदा टाच उचलली गेली की मालिका लावायची. मी स्वयंपाकघरातून तिच्याकडे बघत असायचे आणि तिला ते माहीत असायचं.

घरात मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, गार करायचं, गाळून माठात भरायचं, हा उद्योग सकाळ-संध्याकाळ सुरू झाला. नळाचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन मी खिडकीपाशी उजेडात धरून बघितलं होतं. स्वच्छ दिसत होतं. वास नाही, गढूळपणा नाही, तळाशी गाळ नाही. डोळ्यांनी त्या पाण्याबद्दल काहीही कळणार नव्हतं. कळलं ते आपल्या पुण्यातल्याच एनआयव्हीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत. तिथे रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले गेले आणि काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पायलोबॅक्टरचा आणि या आजाराचा संबंध वैद्यकशास्त्राला जुना माहीत आहे. आधी पोट बिघडतं, शरीर त्या जंतूशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं आणि क्वचित कुणाच्या शरीरात तीच प्रतिपिंडं स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटतात. आजार माणसाकडून माणसाला होत नाही. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण काहींना त्याआधी व्हेंटिलेटरवर जावं लागतं. आणि उकळलेल्या पाण्यात हा जिवाणू टिकत नाही.

या चार ओळी एका बाजूला, आणि फोनवर येणारा मजकूर दुसऱ्या बाजूला. पनीर खाऊ नका, कोंबडी खाऊ नका, थंड भात खाऊ नका, रुग्ण असलेल्या इमारतीची लिफ्ट वापरू नका. आमच्या सोसायटीत तर एका घरातल्या मुलीला ताप आला म्हणून तिच्याकडे काम करणाऱ्या बाईंना दुसऱ्या दोन घरांनी येऊ नका म्हणून कळवलं. त्या बाईंचा त्या महिन्याचा पगार गेला. खोटी बातमी कुणाच्या तरी पोटावर येते, ती अशी.

याच दिवसांत फोनवर दुसरा एक मजकूर फिरत होता. २५ जानेवारीला सात ग्रह एका सरळ रेषेत येणार, असा योग शेकडो वर्षांत आला नाही, त्या रात्री अमुक राशीच्या लोकांनी जपून राहावं, वगैरे. सोबत चित्र. काळ्या आकाशात सात रंगीत गोळे, तोरणाला ओवल्यासारखे. हाही मजकूर तितक्याच वेगानं फिरत होता आणि तितक्याच विश्वासानं पुढे पाठवला जात होता. पण त्या पेल्यातल्या पाण्यात आणि या सात ग्रहांत एक मोठा फरक आहे. ग्रहांची बातमी खरी की खोटी, हे बघायला कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही. जिना चढून गच्चीत गेलं की झालं.

मी गेले. भाचा सोबत होता. माझी बहीण आमच्याच सोसायटीत दोन इमारती सोडून राहते आणि तिचा सातवीतला मुलगा संध्याकाळचा बराचसा वेळ आमच्याकडे असतो. सूर्य मावळून तासभर झाला होता. पश्चिमेला शुक्र इतका झगझगीत की खाली पार्किंगमधल्या काकांनाही तो ड्रोन वाटला होता. त्याच्याजवळच शनी, पिवळट, शांत, शुक्रापुढे अगदी फिका. १८ ते २० तारखेच्या सुमाराला या दोघांत जेमतेम दोन-अडीच अंशांचं अंतर होतं. डोक्यावर रोहिणीपाशी गुरू. आणि पूर्वेला, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी, तांबडा मंगळ. १६ जानेवारीला तो सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणजे सूर्य मावळला की उगवायचा आणि रात्रभर दिसायचा. अशी वेळ साधारण सव्वीस महिन्यांनी येते. तेव्हा तो आपल्यापासून साडेनऊ कोटी किलोमीटरच्या आसपास होता. युरेनस आणि नेपच्यून होते, पण नेपच्यून दुर्बिणीशिवाय दिसत नाही आणि पुण्याच्या उजेडात युरेनसही नाही. बुध सकाळचा, सूर्याच्या प्रभेत लपलेला.

म्हणजे साध्या डोळ्यांना चार ग्रह, आणि तेही पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत पसरलेल्या मोठ्या कमानीवर. भाच्यानं एक हात शुक्राकडे आणि दुसरा मंगळाकडे धरला, आणि विचारलं, "मावशी, हे रेषेत आहेत की नाहीत?" प्रश्न रास्त होता. ग्रह सूर्याभोवती जवळपास एकाच पातळीत फिरतात, म्हणून आपल्याला ते नेहमी एकाच पट्ट्यात दिसतात, ज्या पट्ट्यातून सूर्य आणि चंद्रही जातात. त्या अर्थानं ते रेषेत सदासर्वदा असतात, २५ जानेवारीचं त्यात काही नाही. चार तेजस्वी ग्रह एकाच संध्याकाळी आकाशात असणं मात्र रोजचं नाही, आणि बघण्यासारखं आहेच. त्या मजकुरानं खरी गोष्ट लपवून तिच्या जागी भलतीच भव्य गोष्ट ठेवली होती, याचं मला वाईट वाटलं. खरी गोष्ट कितीतरी सुंदर होती.

गुरूकडे बघताना आणखी एक बातमी समोर आली. प्रयागला महाकुंभ सुरू होता. गुरू वृषभ राशीत आणि सूर्य मकरेत, हा प्रयागच्या कुंभाचा योग. आमच्या गच्चीवरून रोहिणीशेजारी दिसणारा तो ठळक ठिपका म्हणजे कोट्यवधी माणसं ज्यासाठी निघाली होती, ते कारण. गुरूला सूर्याभोवती फिरायला पुरी बारा वर्षं लागत नाहीत, ११.८६ वर्षं लागतात. हा थोडासा फरक साठत जातो आणि केव्हातरी कुंभ अकराव्या वर्षी घ्यावा लागतो. हरिद्वारला २०१० नंतर २०२१ मध्ये तेच झालं. हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे गुरू लवकर पोचतो." इतकं सोपं मला सांगता आलं नसतं.

आकाशाशी गणित ताडून बघण्याची ही खोड पुण्याला जुनी आहे. बहिणीच्या सासऱ्यांच्या कपाटातून मी डिसेंबरअखेर एक जाडजूड ग्रंथ आणला होता, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास. १८९६ मध्ये तो पुण्यात छापला गेला. दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म १८५३ चा. आयुष्यभर शिक्षक होते, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातही शिकवत. कोणतीही मोठी वेधशाळा हाताशी नसताना, शाळेच्या नोकरीतून वेळ काढून, त्यांनी वेदकाळापासून आपल्या दिवसापर्यंतच्या ज्योतिषग्रंथांचा हिशेब मांडला. रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथही त्याच १८९६ सालचा. १८९८ मध्ये ते गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

मी हा ग्रंथ सलग वाचला नाही, तो तसा वाचायचा नाहीच. रात्री जेवणं झाली, उद्याचं पाणी उकळायला ठेवलं की पातेल्यावर लक्ष ठेवत ओट्याशेजारी खुर्ची टाकून दहा-बारा पानं. त्यात मला खिळवून ठेवलं ते पंचांगांच्या वादानं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या शिकल्यासवरल्या माणसांना एका प्रश्नानं घेरलं होतं. पंचांग म्हणतं गुरू अमुक ठिकाणी आहे, आणि बाहेर येऊन बघितलं तर तो तिथे नाही. जुन्या ग्रंथांची गणितं शतकानुशतकं तशीच चालत आली होती आणि त्यांतल्या बारीक चुका साठून डोळ्यांना दिसण्याइतक्या झाल्या होत्या. मग खरं कुणाचं, पोथीचं की आकाशाचं? टिळकांना गणित शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे यांनी आकाशाशी जुळणारं पंचांग काढलं. लोकांनी त्यावर टीका केली, कारण सणवार बदलणार होते. दीक्षित दोन्ही बाजू मांडतात, प्रत्येक ग्रंथाचं गणित स्वतः करून बघतात आणि मग आपलं मत देतात. कुणाला मोडीत काढत नाहीत. पण ताडून बघितल्याशिवाय कुणाचं मानतही नाहीत.

त्यात कृत्तिका या ताऱ्यांच्या झुबक्याचा मजकूर आला. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात एक वाक्य आहे, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रं ढळतात. दीक्षितांनी हे वाक्य धार्मिक म्हणून बाजूला ठेवलं नाही. कुणीतरी, कधीतरी, आकाशात बघून केलेली ही नोंद आहे असं धरलं. कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत असतील तर त्या तेव्हा खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात धरलेल्या रेषेवर, असल्या पाहिजेत. पृथ्वीचा अक्ष सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे नक्षत्रांची उगवण्या-मावळण्याची जागा हळूहळू सरकते. मग त्या बरोबर पूर्वेला केव्हा होत्या? गणित करून दीक्षितांनी उत्तर काढलं, इसवीसनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षं. या निष्कर्षावर पुढे विद्वानांनी बराच वाद घातला आहे, अजून घालतात. मला त्या वादात पडायचं नव्हतं. मला फक्त एवढंच बघायचं होतं की आज कृत्तिका पूर्व-पश्चिमेपासून किती ढळल्या आहेत. दीक्षितांचं सगळं गणित या सरकण्यावर उभं आहे, आणि ते सरकणं मी आजवर डोळ्यांनी ताडून बघितलं नव्हतं.

गच्चीवरून ते जमेना. जानेवारीत कृत्तिका दुपारीच उगवतात, त्यामुळे त्यांचं मावळणं बघावं लागतं, रात्री अडीच-तीनच्या सुमाराला. आमच्या पश्चिमेला बावीस मजली इमारत आहे.

शनिवार-रविवारी भिगवणला जायचं बहिणीनं आधीच ठरवलं होतं. पक्ष्यांसाठी. मी त्याला जेऊर जोडलं. जेऊर का, ते सांगते.

पुण्यात संगमाजवळच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत, १८८८ मध्ये एक वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिली म्हणून तिचं नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. चालवणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. मृग नक्षत्रातल्या बाणाखाली जी धूसर चकती दिसते, त्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा आहे. ती मॅग्नेशियमची असावी असं इंग्लंडचे नामांकित शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर म्हणत होते. नायगमवालांनी पुण्यातून ती रेषा तपासली. ती कोणत्याही परिस्थितीत रेखीव, धारदारच दिसत होती, म्हणजे लॉकियर म्हणत होते तशी मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड ती असू शकत नव्हती. १८९१ मध्ये त्यांनी तसं प्रसिद्ध केलं. ती रेषा खरी कुणाची, हे कळायला १९२७ साल उजाडावं लागलं. ती निघाली ऑक्सिजनची, अतिविरळ वायूतच उमटणारी. पण ती कुणाची नाही, हे त्याआधी छत्तीस वर्षं पुण्यातून सांगितलं गेलं होतं. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिथली वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षं जाते आहे.

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे जाणार होता. पुणं त्या पट्ट्याबाहेर होतं, इथे सूर्य पुरता झाकणार नव्हता. तेव्हा नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूरच्या रेल्वेमार्गावरच्या जेऊरला गेले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच तळ ठोकून होते, चाळीस फुटी कॅमेरा घेऊन. तेव्हा मुंबई इलाख्यात प्लेगची साथ होती. पुण्यात रँडचा वध होऊन सात महिने झाले होते. घरं तपासली जात होती, माणसं गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत होती. अशा दिवसांत दोन मिनिटांच्या अंधारासाठी एक माणूस पेट्या बांधून जेऊरला जातो, हे वाचलं आणि मला तिथे जावंसं वाटलं. आईचा प्रश्न होता. ती म्हणाली, "माझ्या बहिणीकडे झोपेन. पाणी उकळता येतं मला."

इंदापूरच्या रस्त्याला ऊसतोडीचे दिवस होते. प्रत्येक वळणावर उसानं भरलेली ट्रॉली, मागे लोंबणारी वाढी. भिगवणच्या अलीकडे एका शेतात हुरड्याला थांबलो. गोवऱ्यांची आगटी, त्यात खुपसलेली शाळूची कणसं, आणि ती तळहातावर चोळून दाणे काढून देणाऱ्या आजी. त्यांच्या तळहाताची कातडी इतकी राठ झाली होती की निखाऱ्यातून काढलेलं कणीस त्या विनासायास धरत होत्या. हिरवट, गरम, दुधाळ दाणे, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. भाच्यानं चटणी बाजूला सारून नुसता हुरडा खाल्ला, आणि मला वाटतं तेच बरोबर आहे.

उजनीचं पाणी भिगवणपाशी मैलोन्मैल पसरलेलं आहे. १९८० च्या सुमाराला धरण पुरं झालं तेव्हा भीमाकाठची गावं, शेतं, पळसदेवचं देऊळ, सगळं पाण्याखाली गेलं. आता त्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. कुंभारगावहून होडीनं निघालो. नावाडी तिथलाच, पूर्वी चिलापी पकडायचा, आता सकाळी पर्यटक आणि रात्री मासे. त्यानं इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूनं होडी ढकलत नेली. रोहित पक्षी मान उलटी करून चोच पाण्यात फिरवत होते. चोचीच्या कडांच्या गाळणीत शेवाळ आणि बारीक जीव अडकतात आणि पंखांचा गुलाबी रंग त्या अन्नातूनच येतो.

मला मात्र पट्टकदंब हंस बघायचे होते. राखी अंग, पांढरं डोकं आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. कडेच्या गवतात चरत होते, गावातल्या बदकांसारखे बिनधास्त. हे मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरच्या आसपास उडताना त्यांची नोंद झाली आहे, जिथे माणसाला चालणंही मुश्कील. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू जास्त घट्ट धरतं. भाच्यानं दुर्बीण मागितली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "यांना बघून वाटत नाही." खरंच वाटत नाही. यांच्या अंगावर यंत्रं बसवून कुणीतरी तो प्रवास मोजला, म्हणून आपल्याला माहीत आहे.

संध्याकाळी पाण्याच्या काठावर, २५ जानेवारीलाच, त्या मजकुरातल्या त्याच रात्री, आम्ही ग्रह बघितले. शुक्राचं प्रतिबिंब पाण्यात लांब रेघेसारखं पडलं होतं. शुक्र आणि शनी आता जरा दूर सरकले होते. ज्यांच्याकडे उतरलो होतो ती मंडळीही अंगणात आली. त्यांच्या फोनवरही तेच चित्र होतं. त्यांच्या सूनबाईंनी चारही ग्रह एकदा बोटानं दाखवून घेतले आणि मग स्वतः धाकट्या दिराला दाखवले. कमान कशी जाते हेही त्यांनी नीट सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. दक्षिणेला अगस्त्य वर आला होता.

रात्री सव्वादोनचा गजर लावला होता. बहीण उठली नाही. भाचा उठला, डोक्यावरून शाल घेऊन. थंडी बोचत होती आणि चंद्र अजून उगवायचा होता, अमावास्या तीन-चार दिवसांवर होती. आधी उत्तरेला ध्रुव शोधला. भिगवणला तो क्षितिजापासून फक्त अठरा अंश वर, दोन मुठींहून थोडा कमी. हात पुढे ताठ केला की मूठ साधारण दहा अंशांची होते. ध्रुवाकडे तोंड करून डावा हात सरळ बाजूला धरला की ती पश्चिम. पाण्यापलीकडे त्या दिशेला एका मनोऱ्याचा लाल दिवा होता, खूण म्हणून बरा सापडला.

कृत्तिका उतरत होत्या. झुबका आता तिरपा झाला होता, त्यातले तारे वेगळे दिसत होते, मग दिसेनासे झाले, मग नुसता धूसर डाग उरला. क्षितिजाच्या थोडं वर धुरकट पट्टा होता, तिथे तो डाग विरला. भाच्यानं लाल दिव्यापासून उजवीकडे मुठी मोजल्या. एक, दोन, आणि अर्धी. पंचवीस अंशांच्या आसपास. गणितानं उत्तर काढलं तर भिगवणच्या अक्षांशावरून साधारण तेवढंच येतं. ज्या कृत्तिका कुणाला तरी कधीतरी पूर्वेपासून ढळत नाहीत असं दिसलं होतं, त्या आता अडीच मुठी उत्तरेला सरकल्या आहेत. पाच हजार वर्षं म्हटलं की मला नेहमी नुसता शब्द ऐकू यायचा. आता ती माझ्या भाच्याच्या अडीच मुठी आहेत. त्या काठावर मी फार आनंदात होते, आणि भाच्याला झोप आली होती.

सकाळी प्रजासत्ताक दिन. भीमा ओलांडून जेऊरला पोचलो तेव्हा शाळेतली मुलं झेंडावंदन उरकून परतत होती, हातात कागदात गुंडाळलेली जिलेबी. सगळीकडे ऊस आणि केळी, उजनीच्या पाण्याची. नायगमवालांच्या वेळी इथे हे हिरवं नव्हतं. स्टेशनाबाहेर चहा घेताना मी टपरीवाल्या काकांना ग्रहणाची गोष्ट सांगितली. त्यांनी भांड्यातला चहा ढवळणं थांबवून विचारलं, "इथं? आमच्या जेऊरला? अमेरिकेहून?" आणि मग आत बसलेल्या मुलाला हाक मारली. मला ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली, आणि सांगताना बरं वाटलं.

त्याच ग्रहणासाठी लॉकियर स्वतः विजयदुर्गला आले होते. आपल्याकडे विजयदुर्गाच्या किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवून सांगतात की हेलियमचा शोध इथे लागला, आणि दरवर्षी १८ ऑगस्टला तसे संदेशही फिरतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी भारतात होते ते फ्रान्सचे शास्त्रज्ञ जान्सेन, आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच बघितली, ग्रहण नसताना. विजयदुर्गला ते आले १८९८ मध्ये, तीस वर्षांनी. विजयदुर्ग यानं लहान होत नाही. तिथे एका मोठ्या शास्त्रज्ञानं खग्रास ग्रहणाचे वेध घेतले, ही खरी गोष्ट मुलांना अभिमानानं सांगण्याइतकी मोठी आहे.

परतलो तोपर्यंत जीबीएसचा आकडा आणखी वाढला होता आणि एका संशयित मृत्यूची बातमी होती. आई ठीक होती. २९ तारखेला मौनी अमावास्येच्या पहाटे प्रयागला चेंगराचेंगरी झाली, त्या सकाळी कुणालाच काही सुचलं नाही. त्या आधी, १६ तारखेला, इस्रोनं दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले होते. दोनदा तारीख पुढे ढकलली होती, एकदा तीन मीटरपर्यंत जवळ नेऊन पुन्हा मागे घेतले होते. वर्तमानपत्रात 'पुन्हा लांबणीवर' असं छापून आलं तेव्हा आमच्या ऑफिसात काहींनी नाकं मुरडली. मला ते मागे घेणंच जास्त आवडलं. जवळ नेलं, मोजलं, जुळलं नाही, थांबले.

महिनाअखेरीला आली ती लघुग्रहाची बातमी. २०२४ वायआर४, डिसेंबरात चिलीमधल्या दुर्बिणीतून सापडलेला. २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्याच्या वर. भाच्यानं वहीत रोजचा आकडा लिहायला घेतला. फेब्रुवारीत तो वाढतच गेला, १८ तारखेला ३.१ टक्के झाला आणि तो घाबरला. मी त्याला वहीच्या पानावर लघुग्रहाच्या संभाव्य मार्गांचा रुंद पट्टा काढून दाखवला आणि त्यात पृथ्वीचा ठिपका. नवे वेध आले की पट्टा अरुंद होतो. ठिपका अजून पट्ट्यात असेल तर त्याचा वाटा वाढतो, म्हणून टक्केवारी चढते. मग एखाद्या दिवशी पट्ट्याची कड ठिपक्याच्या अलीकडे येते, आणि आकडा एकदम कोसळतो. तसंच झालं. २४ तारखेपर्यंत तो शून्याच्या जवळ गेला. भाच्यानं शेवटचा आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली.

त्याच पानावर त्यानं माझ्याकडून आणखी एक तारीख लिहून घेतली आहे. भारतातून दिसणारं पुढचं खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ ला आहे आणि सावलीचा पट्टा कारगिल-लडाखवरून जाणार आहे. मार्चमध्ये तिथे बर्फ असतो, रस्ते बंद असू शकतात, ढगांचं आधी काही सांगता येत नाही, हे सगळं मी त्याला सांगितलं. पुण्याहून झेलम एक्सप्रेस जम्मूपर्यंत जाते, पुढचं तिथे गेल्यावर बघू, असं त्याचं म्हणणं आहे.